भिंतीपलीकडे ऐकू जातं

(दृश्य: रात्र. दाट वस्तीतली बोळ. एकाला एक लागून घरं.)

उत्तर नागपुरातल्या कित्येक वस्त्यांत दोन घरांच्या मधे एकच भिंत असते. पलीकडे ताट आपटलं तर अलीकडे कळतं. कुणी हात उगारला तर तेही कळतं. सकाळी नळावर मात्र एकच बोलणं: "जाऊ दे माय, त्यांच्या घरचं आहे."

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातलं चौथं कलम जणू या नळावरच्या बायांसाठीच लिहिलंय. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होऊ शकते असं ज्याला वाटतं, तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं असेल, तर त्याच्यावर ना दिवाणी जबाबदारी येते, ना फौजदारी. जनजागृतीच्या फलकांवर हे कलम क्वचितच दिसतं. तिथं सगळं बाईलाच सांगणं असतं: सहन करू नकोस, बोल. म्हणजे मारही तिनंच खायचा आणि धीरही तिनंच गोळा करायचा.

(दृश्य: दुपार. आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, रजिस्टर घेऊन दाराशी.)

२०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या चार विवाहित स्त्रियांमागे एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरातल्या ७७ जणींनी मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मागितली, त्यांचा पहिला आधार माहेर. पोलिसांपर्यंत पोचलेल्या फार थोड्या.

म्हणून या कामात आशाताईचं मोल मोठं. लसीकरणाच्या, बाळंतपणाच्या नोंदीसाठी ती येते; तिचं येणं सासूला खटकत नाही. पण तीही त्याच वस्तीत राहते, हे विसरून चालत नाही. तिनं नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. बाई एकटी असताना विचारावं, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा, आणि कुणी सांगितलं हे गावभर होऊ देऊ नये. मेयो, मेडिकल, डागा या रुग्णालयांतल्या नर्सचंही तसंच. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या बाईच्या मनगटावर बोटांचे वळ असतील, तर सोबत आलेल्या माणसाला आधी बाहेर बसवायचं, मग पुन्हा विचारायचं. तेव्हा झालेली इजेची नीट नोंद पुढे कोर्टात कामी येते.

(दृश्य: समुपदेशन कक्ष. चेहरे दिसत नाहीत.)

पूर्वी बाईला तीच कहाणी ठाण्यात, दवाखान्यात, वकिलाकडे, प्रत्येक दारात पहिल्यापासून सांगावी लागे. २०१७ मध्ये नागपूर पोलिसांनी भरोसा सेल सुरू केला, राज्यातला पहिला. पोलीस, समुपदेशक, कायद्याचा सल्ला, सगळं एका छताखाली. सामाजिक संस्था, विधी सेवा प्राधिकरण, महिला व बालविकास विभाग यांचे धागे तिथं जुळावेत, ही कल्पना. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. कमाई कितीही असो, स्त्रीला विधी साहाय्य मोफत मिळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. समुपदेशन म्हणजे समझोता नव्हे. जोडपं परत नांदायला गेलं की प्रकरण "यशस्वी" धरायची सवय सगळीकडेच आहे. याच कायद्याचे २००६ चे नियम वेगळं सांगतात. समुपदेशनात आधी हमी घ्यायची ती हिंसा पुन्हा होणार नाही याची. "तिनंच उलट उत्तर दिलं" असलं समर्थन नवऱ्यानं तिथं मांडायचंच नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

या शहराला हे बोलणं नवं नाही. जुलै १९४२ मध्ये इथंच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं; गुलाम होऊ नये.

आता २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर जगभर बायांवरच्या हिंसेविरुद्ध पंधरवडा पाळतात. रॅली निघते, शपथ होते. चांगलंच आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जी गर्दी "घेऊन जा गे मारबत" म्हणत उसळते, तिच्यापुढे एखाद्या बडग्याच्या, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, गळ्यात दारू पिऊन बायको मारणाऱ्याची पाटी लागली, तर ती दहा सभागृहांपेक्षा जास्त लोक वाचतील. त्यात पुरुषही असतील, जे रॅलीला येत नाहीत.

(दृश्य: जिल्हा न्यायालय, सिव्हिल लाइन्स.)

तक्रारीपाशी येऊन बाई अडते ती एका प्रश्नावर: राहू कुठं? घर सासऱ्याच्या नावावर आहे. कायदा तिला ती जिथं नांदली त्या घरात राहण्याचा हक्क देतो, मालकी कुणाचीही असो. घर सासऱ्याचं असलं तरी हा हक्क उरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. संरक्षणाचा आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिला फुकट मिळते, एक प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाते. ठाणेदार बदलून गेले, तर नव्या ठाणेदारांसमोर ती फाइल कुणीतरी ठेवावी लागते. संरक्षण अधिकारी, संस्थेच्या कार्यकर्त्या यांचं निम्मं काम हेच आहे. त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.