पहिली तीन वर्षं

मित्रहो, पुढच्या रांगांत आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक बसलेत, मागच्या रांगांत नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारे नवे शिक्षक. आज मी मागच्यांच्या वतीने पुढच्यांशी बोलणार आहे.

मागे भाच्याबरोबर समुपदेशनाला, म्हणजे नव्या शिक्षकांना शाळा वाटून देतात तिथे, गेलो होतो. पडद्यावर रिक्त जागांची यादी, नाव पुकारलं की पुढे जाऊन गाव निवडायचं. शेजारची एक मुलगी मोबाइलवर नकाशा उघडून एकेक गाव शोधत होती. तिचा नंबर येईपर्यंत रस्त्याकडेची गावं संपली होती. तिने मला विचारलं, "सर, इथून शेवटची एसटी किती वाजता असते?" शाळेचा पट किती, सोबत शिक्षक कोण, हे विचारायला तिला उसंतच मिळाली नाही. जुन्यांनी सोडलेल्या शाळा नवख्यांच्या वाट्याला येतात. सगळ्यात अवघड शाळा सगळ्यात कमी अनुभव असलेल्या हातात द्यायची, हे मला आजही पटत नाही.

आणि हे 'नवखे' म्हणजे कॉलेजातून कालच बाहेर पडलेली पोरं नव्हेत. शिक्षकभरतीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं यांनी खासगी क्लास घेऊन, मिळेल ते काम करून काढली. अनेकांच्या पदरात मुलं आहेत.

शिक्षणसेवक योजना २००० साली आली. तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. प्राथमिकला कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये मिळत. जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. वाढ मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण काम पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचं असतं, तर मोबदल्याला मानधन का म्हणायचं? त्यात शालार्थ आयडी, म्हणजे ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक, मिळेपर्यंत तेही हातात पडत नाही. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, सगळं उसनवारीवर.

पण पैशापेक्षा मला त्यांच्या एकटेपणाची जास्त काळजी वाटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. दोघांतला एक प्रशिक्षणाला गेला की उरतो एकच. अशाच एका सकाळी मी एका शाळेत पोहोचलो. बाई रुजू होऊन नऊ दिवस झाले होते. पहिली ते चौथी एकाच खोलीत. बाई दारात उभ्या राहून आहाराचा तांदूळ मोजून देत होत्या, कानाशी फोन, पलीकडून कोणीतरी आजच्या आज माहिती भरा म्हणून सांगत होतं. पहिलीतली एक मुलगी पाटीवर 'म' काढून त्यांच्या पदराशी उभी होती. तिने दोनदा पाटी वर केली. मग अक्षर पुसलं आणि जागेवर जाऊन बसली.

त्या बाईंना शिकवता येत नव्हतं असं नाही. दुपारी त्यांनी चिंचोके घेऊन वजाबाकी शिकवली, ती मी पाहिली आहे. फार सुंदर शिकवली. निघताना त्यांनी मला एकच विचारलं, "चारही वर्ग एकत्र कसे घ्यायचे, हे कोणाला विचारू?"

कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नका म्हणतं. मग ऑनलाइन माहितीचा हा रोजचा रगाडा कुठल्या खात्यात बसवायचा? वरून आलेला आदेश तुम्हाला थांबवता येणार नाही, हे मी जाणतो. कारण मीही त्या खुर्चीत होतो, आणि मीही असे फोन केलेत. शाळाभेटीत कागदपत्रं आणि रजिस्टरं आधी मागितली, वर्ग नंतर पाहिला. त्याचं आज वाईट वाटतं.

तुमच्या हातात जे आहे तेवढंच मागतो. पहिल्या वर्षी नव्या माणसाच्या गळ्यात मुख्याध्यापकपदाचा चार्ज घालू नका. शेजारच्या शाळेतला एखादा मुरलेला शिक्षक त्याला जोडून द्या, आणि महिन्यातून एक दिवस दोघांना एकमेकांचे वर्ग पाहू द्या. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, पहिला अर्धा तास मागच्या रांगांना बोलू द्या. आणि तुम्ही भेटीला जाल तेव्हा रजिस्टर मागण्याआधी मुलांमध्ये जाऊन बसा, पहिलीच्या पाट्या बघा.