सीमारेषेवरचा वायू

नकाशावर उत्तर समुद्राच्या मधोमध दिसणारी, समुद्रतळाची वाटणी करणारी ही रेषा ब्रिटन आणि नॉर्वे यांनी मार्च 1965 मध्ये, दोन्ही किनाऱ्यांपासून सारखे अंतर धरून आखली. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत तीनशे मीटरहूनही खोल असा समुद्री खंदक आहे. उथळ तळ तिथेच संपतो, असे त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत ब्रिटनला खंदकापर्यंतचा अधिक तळ मागता आला असता, पण तसा हट्ट धरला गेला नाही.

वाटणीत दुर्लक्षिलेला हा खंदक व्यापाराच्या मात्र आड आला. नॉर्वेच्या हद्दीतील एकोफिस्क या तेलक्षेत्राचे तेल मायदेशी न्यायचे तर खंदक ओलांडणे भाग होते, आणि तेवढ्या खोलीवर तेलवाहिनी टाकण्याचे तंत्र तेव्हा हाताशी नव्हते. त्यामुळे 1975 पासून हे तेल 354 किलोमीटर लांबीच्या वाहिनीने थेट इंग्लंडमधील टीसाइडला उतरू लागले.

फ्रिग हे वायुक्षेत्र तर नेमके सीमारेषेवर सापडले. दोघांनी आपापल्या बाजूने विहिरी खोदल्या असत्या, तर ज्याचा उपसा अधिक त्याची चंगळ झाली असती. म्हणून 1976 च्या करारान्वये संपूर्ण साठा एकच मानून वाटे ठरवायचे असे ठरले. त्यात नॉर्वेचा वाटा 60.82 टक्के निघाला. दशांशचिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत झालेली ही घासाघीस रास्तच म्हणायची, कारण त्यांची किंमत लहान नव्हती. वायू मात्र सगळाच स्कॉटलंडमधील सेंट फर्गसला गेला.

पुढचा सौदा फिसकटला. नॉर्वेच्या हद्दीतील स्लाइप्नर क्षेत्राचा वायू घेण्याचे ब्रिटनची सरकारी वायुकंपनी ब्रिटिश गॅस आणि नॉर्वेची सरकारी तेलकंपनी स्टॅटऑइल यांच्यात जवळजवळ ठरले असताना, 1985 मध्ये थॅचर सरकारने परवानगी नाकारली. घरचा वायू मुबलक असताना परकीय खरेदी कशाला, हा विचार त्या घडीला चुकीचा नव्हता; नॉर्वेने मग युरोपच्या मुख्य भूमीवर गिऱ्हाइके शोधली. मात्र 2004 मध्ये ब्रिटन वायूचा निव्वळ आयातदार झाला.

नॉर्वेतील नीहाम्ना ते इंग्लंडमधील ईझिंग्टन ही 1166 किलोमीटर लांबीची लँगेलेड वायुवाहिनी स्लाइप्नरच्या समुद्रात उभ्या असलेल्या फलाटावरूनच जाते. ऑक्टोबर 2006 मध्ये तिच्या चाचणीचा वायू एवढा आला की ब्रिटनच्या घाऊक बाजारात भाव काही काळ शून्याखाली गेला, म्हणजे वायू उचलणाऱ्यालाच वर पैसे मिळत होते. पुढे जून 2025 मध्ये इक्विनॉर, म्हणजे पूर्वीची स्टॅटऑइल, आणि ब्रिटिश गॅसची वारसदार सेंट्रिका यांनी दहा वर्षांचा करार केला: दरवर्षी सुमारे पाच अब्ज घनमीटर वायू.