सी ड्राइव्ह उडवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या अंगाला माझं टायपिंगचं आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. दिवसभर डोळ्यांसमोर मराठी अक्षरं. संगणकदुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण घरचा संगणक रखडायला लागला की ओळखीची माणसं आधी माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘ताई, पीसी फार हँग होतोय. फॉरमॅट मारू का?’

मारा की. फॉरमॅट म्हणजे जुनं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. घरच्या घरी, आपल्या हातानं मारता येतो. विंडोज टाकणं हे काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. पण विंडोज ही वस्तू पुन्हा मिळते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ती आज उतरवता येते, उद्याही येईल. तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो, शेतीचा हिशेब, वडिलांनी टाइप करून घेतलेली वंशावळ यांची दुसरी प्रत जगात कुठंही नसते. म्हणून आज मी जास्त वेळ विंडोज टाकण्यापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना देणार आहे.

एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी एक कीर्तनकार बुवा माझ्याकडे आले. नारदीय कीर्तन करणारे, वय सत्तरीच्या पुढं. हातात पितळेची छोटी डबी होती. ती उघडून त्यांनी आतला पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, ‘ताई, यात माझी बारा वर्षांची टिपणं आहेत. पूर्वरंग, उत्तररंग, दाखले, सगळं. काल संगणक एका दुकानातून फॉरमॅट करून आणला. फाइली सगळ्या आहेत, पण अक्षर एकही राहिलं नाही.’

मी फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं. लहान-मोठी, मध्येच कंस, मध्येच आकडे. मला मात्र ती ओळखीची वाटली. आपले जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन चालतात. संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजीच असतं, फॉन्ट त्यावर देवनागरीचं रूप चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला आणि फॉन्ट काढून घेतला, तर पडद्यावर उरतात ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं. बुवांच्या पानावर ती पाच अक्षरं मला तिसऱ्याच ओळीत दिसली.

दुकानातल्या मुलाची चूक म्हणता येणार नाही. त्यानं रीतसर विचारलं होतं, ‘डेटा डी ड्राइव्हला आहे ना? मग सी उडवतो.’ बुवा हो म्हणाले, आणि ते खरंही होतं. सी, डी हे संगणकातल्या साठ्याचे कप्पे, आणि विंडोज बसते सीमध्ये. फाइली डी ड्राइव्हला होत्या. पण फॉन्ट विंडोजच्या पोटात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर राहतात. सी गेला तसे फॉन्टही गेले.

मी माझ्याकडचा फॉन्ट बसवला आणि पान उलगडलं. बुवा खुर्चीत पुढं सरकले आणि मोठ्यानं वाचायला लागले. पण निम्म्या फाइली दुसऱ्याच फॉन्टमधल्या होत्या आणि तो माझ्याकडे नव्हता. तो मिळायला दीड महिना गेला. शेवटी बुवांच्या एका निवृत्त शिक्षक मित्राच्या माळ्यावरच्या जुन्या संगणकात तो सापडला. मग आम्ही सगळं युनिकोडमध्ये फिरवून घेतलं, म्हणजे पुढं कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर तेच मराठी दिसावं. फिरवणाऱ्या प्रोग्रॅमनं रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवले, जोडाक्षरं फोडली. बुवा शेजारी बसून वाचत आणि मी दुरुस्त करत असे. पावसाळाभर ते काम चाललं.

तेव्हापासून कुणी फॉरमॅटचं नाव काढलं, की मी त्यांना आधी एक कागद घ्यायला सांगते. सी ड्राइव्हवर आपलं काय काय आहे ते त्यावर लिहायचं. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हवरच असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही बहुधा तिथंच. हिशेबाचा टॅली प्रोग्रॅम वापरत असाल तर तिचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये पडतो ते टॅलीतच पाहून घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, संगणकावर उतरवून ठेवलेले ईमेल, आणि मराठी फॉन्ट. प्रिंटर आणि स्कॅनरचं नाव-मॉडेलही लिहा, नंतर त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, शोधताना उपयोगी पडतं.

आता हा प्रश्न आत्ताच का आला, तर 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. 2015 पासून घरोघरी चाललेली ही विंडोज त्या दिवशी बंद पडली नाही, पण सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला आपोआप येत होत्या, त्यांचा नेहमीचा ओघ थांबला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, निदान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ज्यांचा संगणक यात बसत नाही, त्यांनी तो भंगारात काढण्याआधी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट एकदा पाहावी, असं मी मनापासून सांगते. ती फुकट आहे. पेन ड्राइव्हवरून ती चालू करून बघता येते, हार्ड डिस्कला हातही न लावता. युनिकोड मराठी त्यात सरळ टाइप होतं. टॅलीसारखे खास विंडोजचे प्रोग्रॅम ज्यांना लागतात त्यांचं मात्र तिथं भागणार नाही.

बॅकअपकडे वळते. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि ती दुसऱ्या वस्तूवर हवी. सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत मी रोज ऐकते. अनेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क जळाली की दोन्ही जातात. तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क घ्या. ती कायम जोडून ठेवू नका. 2017 साली वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या संगणकांच्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागितली, ते आठवत असेल. असा प्रकार संगणकात शिरला, तर त्या वेळी जोडलेल्या डिस्कलाही तो सोडत नाही. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात.

आणि एक प्रत घराबाहेर हवी. हे नाशिककरांना मी वेगळं समजवायला नको. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, असं आपण पावसाळ्यात एकमेकांना विचारत असतो. कारण पाणी किती चढलं म्हणजे सराफ बाजारातल्या आणि भांडी बाजारातल्या दुकानदारानं माल हलवायचा, हे त्या मूर्तीवरून ठरत आलं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती मूर्ती जवळजवळ बुडाली होती. दुकानाच्या टेबलावर संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क असेल, तर पाणी दोघांनाही सारखंच भेटतं. माझी दुसरी डिस्क थोरल्या बहिणीकडे, जेल रोडला, तिच्या साड्यांच्या कपाटात असते. महिन्याचं किराणा सामान भरून झालं की मी तिच्याकडे जाते, ही डिस्क ठेवते, ती घेऊन येते.

इंटरनेटवरच्या साठ्याचं काय, असं विचाराल. चांगला आहे. गुगलवर 15 जीबी फुकट मिळते, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर 5. पण हे साठे तुमच्या फोल्डरशी जुळवून ठेवलेले असले, तर तुम्ही इथं फाइल पुसली की थोड्या वेळात तिथलीही पुसली जाते. काही दिवस ती तिथल्या कचरापेटीत सापडते, पुढं नाही. म्हणून त्याच्या भरवशावर घरची डिस्क टाळू नका.

एवढं झालं की विंडोज टाकायला बसा. 8 जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या, रिकामा घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल मिळतं, ते पेन ड्राइव्ह तयार करून देतं. मग संगणक बंद करून चालू करताना एक बटण दाबत राहायचं, की तो पेन ड्राइव्हवरून उठतो. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ 12, एचपीला एफ 9. आधीची विंडोज खरी, चालू असलेली होती, तर नवी टाकताना विचारलेली प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, सोडून पुढं जाता येतं. त्याच प्रकारची विंडोज, म्हणजे होमला होम, निवडा. संगणक इंटरनेटला लागला की ती आपोआप ओळखली जाते.

एका पडद्यावर मात्र थांबा. विंडोज कुठं टाकायची असं जिथं विचारतात, तिथं डिस्कच्या कप्प्यांची यादी येते. आपल्या ओळखीची सी, डी ही नावं त्या यादीत नसतात. डिस्क शून्य, पार्टिशन एक, पार्टिशन दोन, आणि पुढं आकार. लोकांचा डेटा इथं उडतो. म्हणून आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा: सी किती जीबीचा, डी किती जीबीचा. डी ड्राइव्हला आधीच एखादं नाव देऊन ठेवलंत, तर तेही यादीत दिसतं. आणि बॅकअपची डिस्क, दुसरे पेन ड्राइव्ह, सगळं काढून ठेवा. दोन डिस्क असतील आणि खात्री वाटत नसेल तर नको असलेल्या डिस्कची केबल काढा. जी वस्तू जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही.

आणखी दोन गोष्टी याच्या आधीच पाहायच्या. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरनं कुलूपबंद असते. त्याची 48 अंकी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. ती हरवली तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही उघडत नाही. दुसरं, नव्या विंडोजला कधी कधी वायफाय ओळखता येत नाही. अशा वेळी मोबाइल केबलनं जोडून त्याचं इंटरनेट घेतलं की काम पुढं सरकतं. आणि वीज. वळवाच्या पावसात तासातासाला लाइट जाते तेव्हा यूपीएस नसलेल्या संगणकावर हे काम काढू नका.

विंडोज बसली, प्रिंटर चालला, फॉन्ट चढवले, सगळं मनासारखं झालं. नेमक्या या वेळी आणखी अर्धा तास द्या आणि अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, काढून ठेवा. क्लोनझिला नावाचा फुकट प्रोग्रॅम हे करतो. तो तैवानच्या एका सरकारी संगणनकेंद्रात तयार झाला. त्याचे पडदे साधे, नुसत्या अक्षरांचे आहेत, पहिल्यांदा थोडं बिचकायला होतं. पण पुढं कधी विंडोज बिघडली, तर ही प्रतिमा परत टाकली की संगणक त्या दिवशीसारखा उभा राहतो, फॉन्टसकट. फक्त ती ज्या डिस्कवर परत टाकायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. विंडोजमधलं सिस्टिम रिस्टोअर किंवा मिंटमधलं टाइमशिफ्ट यांच्यावर याबाबतीत विसंबू नका. ती संगणकाची बैठक मागं नेतात, तुमचे फोटो जपणं हे त्यांचं काम नाही. विंडोजमधल्याच ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय फाइली ठेवतो, पण तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम काढून टाकतो.

बॅकअप काढला, पण परत घेता येतो का, हे बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडा. उघडते का, अक्षरं नीट दिसतात का, फोटो अर्धाच तर येत नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. सगळ्या फाइली पाहायची गरज नाही. दर वेळी वेगळी, मनाला येईल ती घ्या.

बुवा हे नेमानं करतात. एकादशीला त्यांची कीर्तनं असतात, म्हणून ते द्वादशीला सकाळी येतात. पितळेची डबी आता थोडी मोठी आहे, कारण तिच्यात हार्ड डिस्क मावायला हवी. माझ्या संगणकाला ती जोडतात, डोळे मिटून माउस खाली-वर करतात, थांबतात, आणि जी फाइल हाती आली ती उघडून पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचतात. दुकानात गिऱ्हाईक असलं तर तेही ऐकतं. मग डिस्क काढून डबीत ठेवतात, डबी पिशवीत, आणि ‘येतो ताई’ म्हणून रामकुंडाकडे निघतात.