खंडाचा नकाशा, विहिरीची पातळी

नमस्कार श्रोतेहो.

आफ्रिका खंडाच्या पोटात पाणी किती असेल? 2012 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अख्ख्या खंडाचा भूजल नकाशा प्रसिद्ध केला आणि अंदाज दिला सुमारे 6.6 लाख घन किलोमीटरचा. तिथे दरवर्षी नव्यानं मिळणाऱ्या गोड्या पाण्याच्या हे शंभरपटीहून जास्त आहे. बातमी जगभर गाजली.

पण पाणी कुठे आहे तेही नकाशातच दिलेलं होतं. सगळ्यात मोठे साठे लिबिया, अल्जीरिया, इजिप्त आणि सुदानच्या वाळवंटाखाली, वालुकाश्मात. ते हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं पाणी. आज तिथे पाऊस जवळपास नाहीच, तेव्हा उपसलं ते गेलं. आणि आफ्रिकेतली खेड्यापाड्यांतली कोट्यवधी माणसं राहतात ती कठीण खडकावर.

तो खडक आपल्या ओळखीचा आहे. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला नाईस नावाचा खडक, दोन्ही कठीण. कामठीकडे वालुकाश्म आहे, त्याची गोष्ट वेगळी. कठीण खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. म्हणून एका धुऱ्यावर बोअरला पाणी लागतं आणि पलीकडच्या धुऱ्यावर नुसता धुरळा उडतो. आफ्रिकेचा नकाशा अशा खडकाबद्दल स्पष्ट सांगतो: गावाच्या हातपंपापुरतं पाणी बहुतेक ठिकाणी मिळेल, मोठ्या ओलितासाठी मिळणं अवघड. मला त्या नकाशातली ही गोष्ट एकूण साठ्याच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. काटोल, नरखेड, वरूडच्या संत्रा बागांत बोअर खोल खोल जातात, तिथेही हिशोब हाच. साधारणपणे जितकं खाली जावं तितक्या भेगा कमी होतात.

आता देखरेखीचं बघू. 2002 पासून ग्रेस नावाच्या उपग्रहांची जोडी पृथ्वीभोवती फिरत होती. 2018 पासून दुसरी जोडी तेच काम करते आहे. एकामागे एक, सुमारे 220 किलोमीटर अंतरावर. खालचं पाणी वाढलं-घटलं की गुरुत्वाकर्षण किंचित बदलतं आणि दोघांमधलं अंतरही. त्यातून नद्या, तलाव, मातीतली ओल यांचा वाटा वजा केला की भूजलाचा अंदाज येतो. खंडासाठी ही सोय फार मोठी आहे. पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याहून लहान काही या उपग्रहांना नीट दिसत नाही. आपला सुमारे 9,900 चौरस किलोमीटरचा नागपूर जिल्हा त्यांच्या दृष्टीनं फारच लहान.

तिथे विहीरच मोजावी लागते. टांझानियात दोदोमा शहराला पाणी पुरवणाऱ्या माकुतापोरा इथं 1950 च्या दशकापासून पातळीच्या नोंदी आहेत. त्या पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदींतून कळलं, की तिथलं पुनर्भरण, म्हणजे पाणी मुरून भूजल पुन्हा भरणं, दरवर्षी थोडंथोडं होत नाही. 1997-98 च्या एल निनोसारख्या एखाद्या मुसळधार हंगामात ते एकदम होतं. दोन-पाच वर्षं मोजून हे कधीच हाती लागलं नसतं.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालयही नागपुरातच आहे. या नोंदी वर्षानुवर्षं सलग राहणं मला नव्या नकाशापेक्षा महत्त्वाचं वाटतं. मध्येच एक वर्ष गेलं, तर ते पुन्हा मोजता येत नाही.

तुमची स्वतःची विहीर असेल तर तुम्हीही मोजा. काठावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच माप घ्या. टेपच्या खालच्या टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटर-दीड मीटरला खडू फासा आणि टेप पाण्यात जरा बुडेल इतका सोडा. खुणेपाशी आलेल्या आकड्यातून ओला झालेला भाग वजा करा, काठाची जमिनीपासूनची उंचीही वजा करा. उरेल ती जमिनीपासून पाण्याची खोली. माप पहाटे घ्या, मोटार सुरू व्हायच्या आधी, कारण उपशानंतर पातळी वर यायला वेळ लागतो. तारीख, खोली आणि आदल्या रात्री मोटार किती वाजता बंद केली, हे तिन्ही वहीत लिहा. सुरुवात मे अखेरीस, पावसाआधी करा. दुसरं माप ऑक्टोबरात.

नमस्कार.