उशीत काय भरलंय?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात मी एक उशी विकत आणली. पिशवीवर हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के नैसर्गिक सावरी', म्हणजे सावरीच्या झाडाच्या बोंडातला मऊ कापूस. किंमत इथे सांगत नाही, कारण घरी सांगितलेली किंमत वेगळी आहे. पहिल्याच रात्री कान तापले. चार दिवस कूस बदलत काढले आणि पाचव्या दिवशी कात्री घेऊन बसले. दोन बोटं शिवण उसवली, आतला चिमूटभर पुंजका काढला, स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावली. पुंजका आक्रसला, वितळत वितळत जळला, घरभर प्लॅस्टिकचा वास आणि ताटलीत काळा, कडक मणी! म्हणजे पॉलिएस्टर. खरी सावरी किंवा कापूस असता तर कागदासारखा भुरकन जळाला असता आणि बोटाने चुरली की मऊ राख उरली असती.

हा प्रयोग कुणी करणार असाल तर खरंच चिमूटभर घ्या, आणि उशीपासून लांब, ओट्यावर करा. सावरी फार झटकन पेट घेते.

मला राग आला तो पैशांपेक्षा नावाचा. सावरी म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलंय. आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, पऱ्ह्याच्या काठाला काटेसावर होती. शिमग्याच्या सुमारास अंगावर एक पान नाही आणि नुसती लालभडक फुलं, त्यांवर मैना-बुलबुलांचा गोंधळ. मग बोंडं धरायची. ती झाडावरच तडकली की कापूस वाऱ्यावर गेलाच, म्हणून आजी जरा आधीच उतरवून घ्यायची आणि टोपलीत घालून वर जुनं लुगडं बांधून उन्हात ठेवायची. लुगड्याखाली बोंडं फुटायची. बिया काढायला बसलं की दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणंसुद्धा हळू. मामा एकदा शिंकला, तेव्हा अर्धी टोपली आढ्याला लागली होती.

या तंतूची गंमत अशी, की तो आतून पोकळ असतो आणि बाहेरून मेणचट. पाणी सहज आत शिरत नाही. म्हणून तर पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत सावरी भरत. त्यात जास्त करून पांढऱ्या सावरीचा कापूस असे, काटेसावरीच्या चुलतभावाचा. पण तंतू आखूड आणि निसरडा, त्याला पीळ बसत नाही. त्यामुळे सूत निघत नाही आणि ही बिचारी सावरी कपड्याऐवजी उशीत जाते. हलकी, मऊ, डोकं टेकलं की दबणारी. दोषही सांगते. धुता येत नाही. आणि काही वर्षांनी तंतू मोडून भुगा होतो. उशी थोपटल्यावर बारीक धूळ उडायला लागली की समजायचं, आता हिचं आयुष्य संपलं. दम्याचा त्रास असेल तर तिथपर्यंत थांबूच नका.

आता कापूस. ज्यांना मान जरा भक्कम टेकायला हवी, त्यांना मी कापूसच सांगेन. तोही आखूड धाग्याचा, थोडा खरखरीत देशी मिळाला तर उत्तम, तो लवकर दबून बसत नाही. एक ओळखून ठेवा: पांढराशुभ्र, बगळ्यासारखा कापूस पाहून भुलू नका. सरकी काढलेला साधा कापूस किंचित पिवळसर असतो, त्यात पानाचा एखादा कण सापडतो. त्यात रंगीत दोऱ्यांचे तुकडे दिसले तर मात्र तो गिरणीतला उरलासुरला माल.

पूर्वी पिंजारी दारावर यायचे, खांद्यावर ती भलीमोठी धनुकली. तातीवर ठोका पडला की टण्ण्-टण्ण् आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि गुठळ्यांचा ढीग तासाभरात ढगासारखा फुगे. आपल्याकडे नदाफ आडनाव आहे ना, त्या मूळ अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. आता दारावर कुणी येत नाही, पण तालुक्याच्या गावी 'गादी कारखाना' अशी पाटी अजून असते. तिथे जा. कापूस हातात घेऊन बघा, समोर यंत्रावर पिंजून घ्या, समोर भरून घ्या. एका उशीला साधारण किलो-सव्वा किलो लागतो, पण वजनापेक्षा तुमच्या झोपण्याकडे बघा. कुशीवर झोपणाऱ्याला कान आणि खांदा यांमधली पोकळी भरेल इतकी उंच उशी हवी. उताणं झोपणाऱ्याला त्याहून बरीच कमी. कारागिराला म्हणावं, 'दादा, आत्ता जरा जास्तच भरा, पण एका बाजूची शिवण कच्ची घाला.' घरी आठवडाभर झोपून बघायचं आणि मूठ-मूठ काढत जायचं. हे तयार उशीत जमत नाही.

फोमच्या उशीला 'नैसर्गिक' म्हणत असतील तर ती झाडाच्या चिकाची, म्हणजे रबराची आहे का, एवढं विचारा. पुष्कळदा ती खनिज तेलापासूनच आलेली असते. आणि मोहरीची उशी? आजी लोक रागावतील, पण वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कुठलीच उशी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोहरी पोह्यांत घाला.

एक काम मात्र वैशाखातच उरका. पावसाळा लागायच्या आत उशा दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, दुपारी उलटा, आणि लगेच अभ्रा चढवू नका. संध्याकाळी उशी निवली की मगच चढवा. आमच्या गच्चीवर आज चार उशा पडल्यात. पाचवी, ती हिरव्या पानाची, कुत्र्याने केव्हाच नेली. त्याची काही तक्रार नाही.

नमस्कार.