दारातला चिमूटभर तांदूळ

श्रोतेहो, नमस्कार.

जावा बेटावरच्या त्या खेड्यात माझी पहिलीच रात्र होती. मध्य जावातला क्लातेन जिल्हा, वायव्येला मेरापी ज्वालामुखी आणि चहूकडे भाताची खाचरं. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंगणात पावलं वाजली. विजेरीचा झोत भिंतीवरून सरकला आणि दाराशी काहीतरी खुळखुळलं. मी श्वास रोखून पडून राहिले. सकाळी घरमालकीणबाईंना विचारलं, तर त्या मला हाताला धरून दाराशी घेऊन गेल्या. चौकटीजवळ खिळ्याला एक छोटासा पेला टांगलेला होता. झोपण्याआधी प्रत्येक घराने त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि पहाऱ्यावरच्या लोकांनी फेरी मारताना ते गोळा करायचे. याला म्हणतात जिम्पितान. शब्दशः अर्थ, चिमूट.

त्या बाईंना सगळं गाव म्बाह पुत्री म्हणायचं, म्हणजे आजी. त्यांचे यजमान म्बाह काकुंग, म्हणजे आजोबा. मला सगळे म्बाक म्हणत, आपण ताई म्हणतो तसं. जमलेला तांदूळ विकून गल्लीतल्या दिव्याचा बल्ब येतो, मयताच्या घरी लागणाऱ्या खुर्च्या येतात, कुणी दवाखान्यात असेल तर तिकडे मदत जाते. काही गावांत आता तांदळाऐवजी पाचशे रुपियांचं नाणं टाकतात. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. एखाद्या दारातला पेला दोन रात्री रिकामा दिसला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी चौकशीला येतं. बरं आहे ना? कुठे बाहेर गेला होतात का?

आज मला तिथली जमीन, घरं आणि प्रवास यांविषयी बोलायचं आहे. पण मी कुठूनही सुरुवात केली तरी त्या पेल्यापाशीच येऊन पोचते.

जावा हे बेट आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. आणि २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पंधरा कोटींच्या वर गेलेली. तरीही रस्त्यावरून जाताना खेडं दिसतच नाही. हिरव्या खाचरांच्या मधोमध झाडांचं एक बेट दिसतं, गाव त्याच्या पोटात असतं. प्रत्येक घराभोवती पकारांगान, म्हणजे आपलं परडं. नारळ, केळी, फणस, पपई, आल्या-हळदीचे वाफे, कोंबड्या, कुठे एखादं मासे पाळायचं तळं. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. त्या परड्यात पाऊल टाकलं तेव्हा मला घर सोडून आल्यासारखं वाटलंच नाही.

जुन्या घरांचा पुढचा मोकळा भाग म्हणजे पेंडोपो. हा शब्द आपल्या मंडपाचाच. मधे सागाचे चार मुख्य खांब, त्यांना सोको गुरू म्हणतात. आत, मागच्या बाजूच्या तीन खोल्यांतली मधली काळोखी खोली असते, ती देवी श्रीची. भाताची ही देवता आपल्या लक्ष्मीचीच सखी. गाव मुसलमान, पाच वेळा अजान होते आणि ही खोली झाडून-पुसून स्वच्छ ठेवलेली असते. यात विसंगती आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही.

ही लाकडी घरं सांध्यात सांधा बसवून उभी केलेली असतात, म्हणून ती सुटी करून हलवता येतात. घर विकलं, जमीन तशीच राहिली, असं तिथे सर्रास होतं. बाहेरचे व्यापारी येतात, जुनं जोग्लो, म्हणजे उंच छपराचं घर खांबासकट उचलतात आणि ते कुठल्या तरी हॉटेलात जाऊन उभं राहतं. शंभर वर्षांचं घर दोन ट्रकमधून जाताना मी पाहिलं आहे. विकणाऱ्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

आता जमिनीकडे येते. पाणथळ खाचराला सावाह म्हणतात, कोरडवाहूला तेगालान. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्याला तिथे पेतानी गुरेम म्हणतात, आणि गावात बहुतेक जण गुरेमच. जुनी माणसं अजून बाहूत मोजतात. एक बाहू म्हणजे साधारण सत्तर गुंठे. गावच्या कचेरीत एक जाडजूड जुनं रजिस्टर असतं, त्याला लेटर-सी म्हणतात. आपल्या सातबारासारखीच ती मुळात कराची नोंद. मालकीचा खरा दाखला म्हणजे सरकारी प्रमाणपत्र. त्याचा पाया १९६०च्या जमीन कायद्याने घातला, पण गावोगाव मोजणी करून प्रमाणपत्रं देण्याची मोठी मोहीम २०१७ पासून सुरू झाली. त्याच कायद्याने परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येत नाही.

वाटणीची जुनी म्हण आहे, सेपिकुल सेगेन्दोंग. पुरुष कावडीला दोन्हीकडे ओझं लावून नेतो, बाई पाठीवर एक गाठोडं नेते. म्हणजे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत मुलामुलींना सारखंच देतात, तेही आईबाप हयात असतानाच, सगळ्यांना समोर बसवून. नवरा-बायकोने संसारात मिळून कमावलेलं ते गोनो-गिनी, आणि फारकत झाली तर त्यात बायकोचाही हक्क असतो. म्बाह पुत्रींच्या नावावर माहेरची स्वतंत्र जमीन होती. ती नवऱ्याच्या खात्यात कधीच मिसळली नव्हती. त्या सहज बोलता बोलता हे सांगत होत्या आणि मला आमचं राजापूरचं घर आठवत होतं. त्याच्या सातबारावर आज एकोणीस नावं आहेत. कौलं फुटली तर कुणी बदलायची यावर फोनाफोनी होते आणि पाऊस आत येत राहतो. आमच्या आजोबांनीही चटई अंगणात टाकून सगळ्यांना समोर बसवायला हवं होतं. हे मला त्यांच्या हयातीत बोलता आलं नाही.

गावच्या प्रमुखाला आणि कारभाऱ्यांना पगारापोटी जमीन मिळायची, तिला बेंगकोक म्हणतात. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखीच. फरक एवढाच, की ती वंशाने चालत नाही. पद गेलं की जमीन परत गावाकडे. त्यामुळे एका घराण्याची पिढ्यान् पिढ्या दहशत असं तिथे कमी दिसलं.

श्रोतेहो, आता जे सांगते ते जरा सावकाश सांगते, कारण त्याने मी सगळ्यात जास्त हलले. म्बाह पुत्रींनी एकदा फडताळातून एक छोटी वस्तू काढली. लाकडाचा तुकडा, त्यात आडवं बसवलेलं इवलंसं पातं. आनी-आनी. हे तळहातात धरायचं आणि बोटांनी एकेक लोंबी ओढून खुडायची. पातं मुठीत लपलेलं, कारण देवी श्रीने ते पाहिलं तर ती घाबरेल. कापणी बायकाच करायच्या, आणि कुणाचंही शेत असो, गावातली कुणीही बाई येऊ शकायची. जे खुडलं त्यातला ठरलेला वाटा तिचा. त्याला बावोन म्हणतात. जवळच्या नात्यातली असेल तर वाटा थोडा मोठा. आपल्या बलुत्याची आठवण येते ना? जिला स्वतःची गुंठाभरही जमीन नाही, तिच्याही घरात सुगीला भात यायचा, आणि भीक म्हणून नाही, हक्क म्हणून.

मग बुटक्या, अधिक उत्पन्नाच्या जाती आल्या. त्यांची लोंबी खाली, दाणा लवकर झडणारा, त्यांना विळाच लागतो. पाठोपाठ तेबासान आलं. व्यापारी उभं पीकच विकत घेतो आणि आपली विळेवाली टोळी घेऊन येतो. शेतमालकालाही बरं, गावातल्या पन्नास बायकांना नाही म्हणण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. त्याच सुमारास भात सडायच्या गिरण्या आल्या आणि लेसुंग, म्हणजे होडीच्या आकाराचं ते लांबलचक उखळ, अंगणातून गेलं. १९८४ साली इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. देशाची भूक भागली, आणि ती गोष्ट लहान नाही. पण फवारण्या एवढ्या वाढल्या होत्या, की तपकिरी तुडतुडे मरायच्या ऐवजी त्यांना खाणारे कोळीच मेले, आणि १९८६मध्ये सरकारला भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. त्या बायकांचा वाटा मात्र पुन्हा मोजला गेला नाही. म्बाह पुत्री म्हणाल्या, "पूर्वी सुगीत मला सगळं गाव भेटायचं." त्यांनी आनी-आनी फडक्यात गुंडाळून परत ठेवलं.

पेरणीची वेळ कशी ठरवायची, हे म्बाह काकुंगांनी मला एका रात्री आकाशाकडे बोट दाखवून सांगितलं. ज्या तारकांना आपण मृग म्हणतो, त्यांना जावातले शेतकरी वालुकू म्हणतात, म्हणजे नांगर. संध्याकाळी तळहातावर बी ठेवून हात त्या नांगराच्या दिशेने उचलायचा. बी घरंगळून खाली पडलं, म्हणजे नांगर पुरेसा वर आला, आता रोपं टाकायची. आपल्याकडे मृगाचा पाऊस म्हणून पेरणी, तिकडे तोच तारकासमूह हाताच्या कोनात मोजलेला! त्यांच्या शेतीच्या पंचांगात वर्षाचे बारा भाग आहेत, आणि शेवटच्या दोन भागांची नावं देस्ता आणि सादा. ज्येष्ठ आणि आषाढ. आणखी एक सांगते. १६३३ साली जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंग यांनी चांद्र हिजरी महिने स्वीकारले, पण वर्षाचा आकडा शकाचाच, १५५५, पुढे चालू ठेवला. त्यांचं वर्ष लहान असल्याने ते हळूहळू आपल्या पुढे गेलं. २०२५च्या जूनअखेरीस तिथे १९५९ लागलं, तेव्हा आपलं शके १९४७ होतं.

आता प्रवास. गावात शिरताना एक पाटी दिसते, पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर कळवावं. कळवायचं पाक एर्तेला. एर्ते म्हणजे काही घरांचा गट, पाक म्हणजे वडील, कुणाही वडीलधाऱ्याला आदराने म्हणतात तसं, आणि पाक एर्ते म्हणजे त्या गटाचा प्रमुख. या गटांचं मूळ जपानी अमलात, १९४४ साली, लष्कराने लादलेल्या शेजार-गटांत आहे. माझ्या पारपत्राची प्रत घेताना मला ते थोडं खटकलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी तापाने पडले. रात्री दीड वाजता मला मोटारसायकलवर मधे बसवून, मागून धरून, दवाखान्यात नेणारे तेच पाक एर्ते आणि त्यांची बायको होती. नाव वहीत होतं म्हणूनच त्यांना माझी जबाबदारी वाटली.

बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा असतो. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आज या गावी, उद्या शेजारच्या. पहाटे बायका पाठीवर फडक्यात बांधलेली टोपली घेऊन निघतात. योग्यकर्ता ते सोलो अशी विजेची लोकल २०२१ पासून धावते, तिकीट आठ हजार रुपिया, आणि वाटेत देलांगगू लागतं. तिथला रोजोलेले तांदूळ म्हणजे आपला आंबेमोहोरच समजा. नवा टोल रस्ता याच खाचरांतून गेला आहे. भरपाईचे पैसे आले, काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, काहींनी मोटारी. समृद्धी महामार्गाच्या कडेच्या गावांतल्या माणसांना हे अधिक सांगायला नको.

पण जावाचा खरा प्रवास म्हणजे मुदिक. उदिक म्हणजे नदीचा वरचा भाग, मुळाकडचा. रमजान संपत आला की लेबारानसाठी, म्हणजे ईदेसाठी, जकार्ता आणि भोवतालच्या कारखान्यांतली माणसं गावाकडे निघतात. पाचशे-सहाशे किलोमीटर मोटारसायकलवर, पुढे पोर, मागे बायको, कॅरिअरला खोकी. गणपतीला निघालेले आमचे चाकरमानी डोळ्यांसमोर आणा. घरी पोचलं की थोरांच्या गुडघ्याशी डोकं ठेवून क्षमा मागायची. येताना ओले-ओले, म्हणजे खाऊ, आणायचा, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांतही वाटायचा. रिकाम्या हाताने येणं शोभत नाही.

आमच्या शेजारचं घर वर्षभर कुलूपबंद होतं. मालक जकार्ताजवळच्या बेकासीला कारखान्यात. भिंतीवर शेवाळ, परड्यात केळी कुजलेल्या. तरी दर रात्री पहारेकरी तिथे थांबत आणि पेला खुळखुळे. मला वाटलं, सवयीने हलवत असतील. एका रात्री मी उशिरापर्यंत जागी होते. म्बाह पुत्रींनी आपल्या पेल्यात तांदूळ टाकले, मग चपला घालून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेल्या, आणि त्या बंद दाराच्या पेल्यातही चिमूटभर टाकले. परत आल्यावर मी विचारलं, "म्बाह, तिथे तर कुणीच नाही."

"लेबारानला येणार आहेत ना ते," त्या म्हणाल्या, आणि दिवा मालवला.