फुलं सरली, कंदाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. हिवाळ्यात हौसेनं आणलेल्या ट्युलिप, हायसिंथ, अमॅरिलिसची फुलं एव्हाना गळाली असतील. आता घरात कुणीतरी म्हणेल, 'ही पानं कापून टाका, उगाच पसारा दिसतो.' तेवढं मात्र करू नका.

कोमेजलेलं फूल बी धरायच्या आत खुडा, दांडा पिवळा पडला की कापा, पण हिरव्या पानाला हात लावू नका. आपल्या धुळे-साक्रीकडच्या कांदा उत्पादकाला हे सांगायची गरज नाही. माना पडल्याशिवाय तो कांदा काढत नाही, कारण पातीतला कस खाली उतरायचा असतो. घरात अवेळी फुलवलेला कंदही आतून रिकामा झालेला असतो. तो पुन्हा भरतात ती पानंच.

खटाटोप करायचा तर अमॅरिलिससाठी करा. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या हवेत छान रुळतं. कुंडीला सकाळचं कोवळं ऊन आणि दर पंधरा दिवसांनी पातळ खत द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दुपारची सावली हवीच. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका, नुसत्या काळ्या मातीत कंद सडतो. ऑक्टोबरमध्ये पाणी तोडा, पानं आपोआप वाळू द्या, आणि कंदाला आठ-दहा आठवडे कोरडी विश्रांती द्या. मग पाणी सुरू केलं की पुन्हा फुलदांडा येतो.

ट्युलिपचं मात्र स्पष्ट सांगते. त्याला फुलायला १२ ते १६ आठवडे, ९ अंशांखालची सलग थंडी लागते. श्रीनगरला ती मिळते, जळगाव-भुसावळला नाही. फ्रिजमध्ये ठेवून पाहता येईल, पण एकदा घरात फुलवलेला कंद दुसऱ्या वर्षी क्वचितच धड फुलतो. शिवाय फ्रिजमध्ये फळं असली तर संपलंच! पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदातली कळी आतल्या आत मरते. केळीच्या जिल्ह्यात हे पथ्य पाळणार कोण? खड्यांवर, नुसत्या पाण्यात फुलवलेला नर्गिसही खुशाल खतात टाका.

आणि एक, हे कंद विषारी असतात आणि दिसतात थेट कांद्यासारखे. काढून ठेवलेच तर पिशवीवर नाव लिहा आणि ती स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशी टांगा. हायसिंथचा कंद हाताळताना हातमोजे घाला, नाहीतर खाज सुटते.